हसनचाचांच्या गाडीला शिसं हवं!

साठीला टेकलेली तीन माणसं दर शुक्रवारी एका गॅरेजमध्ये बसली की किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात. एक बोलतो, दुसरा खोडून काढतो, तिसऱ्याला भलतंच काहीतरी आठवतं आणि चौथी मी, कपाळावर हात मारून घेते. मैत्रीण म्हणाली, "केतकी, लिहून काढ गं हे सगळं." मी म्हटलं, "म्हाताऱ्यांनी वाचलं तर?" ती म्हणाली, "वाचतील, आणि 'असं झालंच नव्हतं' म्हणत आणखी दोन किस्से करून ठेवतील!"

तर आधी मंडळी सांगते.

गॅरेज शुवैखच्या इंडस्ट्रियल भागात. ते चालवतात हसनचाचा, मूळचे श्रीवर्धनकडचे, कुवेतमध्ये चाळीस वर्षं. दुसरे माझे बाबा. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आयुष्य गेलं, त्यामुळे पेट्रोलचा विषय निघाला की आपणच त्याचे जन्मदाते असल्यासारखे बोलतात. तिसरे सदाकाका, संगमेश्वरचे सुतार. सहा जणांच्या खोलीत राहतात आणि मी जन्मायच्या आधीपासून "हे शेवटचं काँट्रॅक्ट" म्हणतात.

मी पुण्याहून मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून परत आले. शुऐबाच्या एका प्लांटमध्ये पंप आणि व्हॉल्व्ह तपासते. तिथे माझ्या सहीशिवाय मशीन सुरू होत नाही. गॅरेजमध्ये मात्र माझ्या पदवीचा अर्थ, "अगो बाय, चार चाय सांग!"

आणि पाचवी ती. हसनचाचांची अमेरिकन गाडी, सत्तरच्या दशकातली, मळक्या सायीच्या रंगाची. नाक सिग्नलला पोचलं तरी शेपूट अजून गॅरेजातच असेल असं वाटावं, इतकी लांब!

'हसनचाचांची' म्हणायचं, पण कागदावर ती त्यांची नव्हती. चाचांचे जुने कफील, म्हणजे व्हिसाचे आणि गॅरेजचे मालक, त्यांची ती तरुणपणची गाडी. ते आयुष्यभर म्हणत राहिले, "ही हसनची." पण नावावर करायचं राहून गेलं आणि ते वारले. आता मुलगा तलाल सगळं बघतो. त्याने चाचांना सांगितलं, "या वेळी फहस पास झाली तर गाडी तुमच्या नावावर करतो. नाही झाली तर सिक्राब." फहस म्हणजे गाडीची सरकारी तपासणी. सिक्राब म्हणजे आपलं स्क्रॅप, भंगार.

चाचांचा त्या दिवसापासून चहा कमी झाला. हे लक्षात ठेवा, बाकी सगळं हसण्यावारी न्या.

*

चाचांचं ठाम मत, की गाडी बिघडली ती बिनशिशाच्या पेट्रोलने. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, मग ते काढलं. बिनशिशाचा पहिला पंप सुरू झाला तेव्हा चाचा आणि सदाकाका याच गाडीतून तिथे गेले होते. सदाकाका कुवेतमध्ये नवीन. पंपावर अरबी पाटी. चाचांनी मोठ्याने वाचली, "खाली मिन अर-रसास."

सदाकाकांनी फक्त पहिला शब्द धरला. "खाली?"

"हां, खाली."

"रिकामं पेट्रोल?"

"अरे, रसास म्हणजे शिसा. शिशापासून खाली."

सदाकाकांनी पाटीवर एकदा नजर टाकली. मग पंपवाल्याला मराठीतून म्हणाले, "आमास खाली नको. भरलेलं दे!"

पंपवाला होता बांगलादेशी. त्याला 'खाली' तेवढं कळलं. त्याने टाकी खाली आहे असं समजून फुल्ल केली!

*

त्या गाडीत पेट्रोल घालणं हाही एक सोहळा असतो. टाकीचं झाकण मागच्या नंबरप्लेटच्या आड आहे. प्लेट ओढून खाली वाकवायची, की मागे तोंड दिसतं. जुन्या पंपवाल्यांना ठाऊक असतं. नवा माणूस आला की चाचा मुद्दाम काही सांगत नाहीत. खिडकीतून हात बाहेर टाकून बसतात आणि आरशात मजा बघतात.

एकदा एक मिशीवाला गृहस्थ नोझल हातात धरून गाडीभोवती तीन फेऱ्या मारून आला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, बॉनेटखाली वाकला. मी म्हटलं, "चाचा, सांगा ना त्याला! उन्हात भाजतोय बिचारा."

"बाय, थांब. शिकंल."

चौथ्या फेरीनंतर तो खिडकीशी आला, घाम पुसला आणि अगदी आदराने विचारलं, "चाचा, ये इलेक्ट्रिक है क्या?"

*

आता मुद्द्याचं. मला या तिघांना एवढंच पटवायचं होतं की ऑक्टेन वेगळं आणि शिसं वेगळं. इथे पंपावर तीन आकडे असतात. एक्क्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. बाबांचं म्हणणं, आयुष्य रिफायनरीत काढलेल्या माणसाचं म्हणणं, की जुन्या गाडीला अठ्ठ्याण्णवच द्यावं, "ताकद येते."

"बाबा, तो ताकदीचा आकडा नाही! पेट्रोल अवेळी पेटू नये, इंजिन ठोके देऊ नये, त्याचा आकडा आहे."

सदाकाका म्हणाले, "म्हणजे मार्क. अठ्ठ्याण्णववालं हुशार."

चाचा भडकले. "मग एक्क्याण्णववाला काय नापास झाला? माझा पोरगा पस्तीस टक्क्यांत दुबईला मॅनेजर हाय!"

मी पाना आपटला. शांतपणे, म्हणजे माझ्या मानाने शांतपणे, समजावलं. शिसं दोन कामं करायचं. एक, ठोके थांबवायचं. ते आता बाकीच्या गोष्टींनी भागतं. दुसरं, व्हॉल्व्ह जिथे आपटतो त्या सीटवर शिशाचा पातळ थर बसायचा, गादीसारखा. जुन्या इंजिनांच्या सीट मऊ लोखंडाच्या. गादी गेली, आपटून आपटून सीट झिजते, व्हॉल्व्ह आत रुततो, नीट मिटत नाही. अठ्ठ्याण्णव घाला नाहीतर अत्तर घाला, काही फरक पडत नाही!

चाचा म्हणाले, "या इंजिनाचा वय तुझ्या दुप्पट हाय."

"म्हणूनच तर म्हातारपणाचे आजार झालेत!"

बाबा म्हणाले, "केतकी, मोठ्यांशी असं बोलतात?" त्यांना रसायनशास्त्र सुचलं नाही की संस्कार सुचतात.

तेवढ्यात सदाकाका हळूच म्हणाले, "म्हणजे दार रोज आपटून चौकट झिजते, तसं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या एकाही सरांनी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. "अगदी तसंच, काका!"

"मग चौकट बदला की! कडक बसवा."

मी त्यांना मिठीच मारणार होते.

"सागवानी," काका म्हणाले.

*

चौकट काही कुणी बदलली नाही. त्याऐवजी औषधोपचार सुरू झाले. कुणीतरी बाबांना सांगितलं की टाकीत डांबरगोळ्या टाकल्या की जुनं इंजिन तरुण होतं. मी ऑफिसात होते, नाहीतर टाकीसमोर आडवी पडले असते. बाबा आणि चाचांनी मिळून नंबरप्लेट वाकवली आणि मूठभर गोळ्या आत सोडल्या.

दुसऱ्या दिवशी आईला जाब्रियाला क्लिनिकमध्ये न्यायचं होतं. चाचा म्हणाले, "वैनी, मी सोडतो." आई मागे बसली. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा तिने नाक वर केलं. "कुणाचं कपाट उघडलंय?"

चाचांनी खिडकीची काच खाली केली.

घरी आल्यावर आईने स्वतःचं कपाट उघडलं. एकही गोळी नाही! तिचा लग्नातला शालू, ज्याला आम्हाला हातही लावायची परवानगी नाही, उघडाबोडका पडलेला. ती बाबांना काही बोलली नाही. फोन उचलून चाचांना म्हणाली, "भावजी, माझ्या शालूला कसर लागली तरी चालेल. तुमच्या व्हॉल्व्हला लागायला नको!"

टाकी उतरवून धुवायला मला आणि सदाकाकांना दोन शुक्रवार लागले.

*

मग आली बाटली. शिशाऐवजी घालायचं द्रव, चाचांनी कुठूनसं मिळवलेलं. ते डिकीत ठेवून आम्ही चौघं फहाहीलकडून येत होतो. रस्त्यात पोलिसांची तपासणी. तरुण पोलीस, अगदी हसतमुख. डिकी उघडली आणि बाटली हातात घेऊन विचारलं, "हे काय?"

चाचा उत्तर देणार तोच सदाकाका पुढे झाले. इतकी वर्षं इथे राहून त्यांना मोजके अरबी शब्द येतात, आणि त्यातला एक वापरायची संधी आयती चालून आली होती. छाती काढून म्हणाले, "रसास!"

पोलीस एक पाऊल मागे सरकला. हसू गेलं. रसास म्हणजे शिसं, हे खरं. पण रसास म्हणजे बंदुकीच्या गोळ्यासुद्धा!

"कुठे आहे रसास?"

सदाकाकांना वाटलं, साहेबाला आवडलं. त्यांनी गाडीकडे हात केला. "सगळ्या गाडीत रसास! जुन्या गाडीला रसास पायजे!"

पुढचा पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. सीटा निघाल्या, पायपुसणी निघाली, आईने दिलेल्या थालीपिठांचा डबा उघडून बघितला गेला. चाचा अरबीत समजावत होते, बाबा इंग्रजीत, मी दोघांवर ओरडत होते. शेवटी पोलिसाची नजर सदाकाकांच्या कानावर गेली. तिथे सुताराची चपटी पेन्सिल, कायमची. अरबीत पेन्सिलीला म्हणतात, 'कलम रसास'.

त्याने बोट दाखवलं. "हेच का तुझं हत्यार?"

काकांनी पेन्सिल काढली, टोक तपासलं आणि खेदाने म्हणाले, "याला धार नाय आता."

*

चाचांचा बाबांवर एक जुना राग आहे. रिफायनरीत पेट्रोलमध्ये शिसं मिसळणं बंद झालं, त्या दिवशी बाबा ड्युटीवर होते. नळ बाबांनी स्वतः बंद केला. बाबा हे अभिमानाने सांगतात. चाचा हे पुराव्यासारखं वापरतात.

"माझ्या गाडीचा दाणापाणी या माणसाने तोडला!"

"अहो, हुकूम वरून आला होता."

"हात तुझाच होता ना?"

एका शुक्रवारी मी बाबांची बाजू घेतली. हे वारंवार होत नाही, म्हणून सगळे गप्प बसून ऐकायला लागले. म्हटलं, "चाचा, शिसं धुरातून हवेत जायचं. पोरांच्या श्वासातून आत जायचं, मेंदूवर परिणाम व्हायचा. तुमच्या व्हॉल्व्हसाठी जगातल्या पोरांची डोकी बिघडवायची का? बाबांनी तो नळ बंद केला ते बरंच केलं. मी त्यानंतर जन्मले, म्हणून माझं डोकं चालतंय!"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. बशीतला चहा संपवला.

"थोडासा शिसा ठेवला असतास तर काय बिघडला असता?" ते बाबांना म्हणाले. "हिचा डोका एवढा तरी चालला नसता!"

आणि बाबा? माझे स्वतःचे बाबा? मान डोलावली!

*

पहिल्या फहसला गाडी नापास झाली. व्हायचीच होती. सुरू केली की काळा धूर, कच्च्या पेट्रोलचा वास, आणि इंजिन मध्येच उचकी लागल्यासारखं अडखळायचं. तपासणाऱ्याने नाकाला रुमाल लावून विचारलं, "हा धूर कसला?"

चाचा म्हणाले, "धूर कुठे? गाडीत बखूर लावला होता."

बखूर म्हणजे इथे घराघरात जाळतात तो सुगंधी धूप. तपासणाऱ्याने एकदा श्वास घेतला. "चाचा, दुकान बदला."

नापासचा कागद घेऊन चाचा गॅरेजवर आले आणि स्टुलावर बसून राहिले. दफ्तर, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, संपायला तीन आठवडे होते. तेवढ्यात परत फहस पास करायची, नाहीतर सिक्राब. त्या दिवशी कुणी कुणाला खोडून काढलं नाही. मला ती शांतता अजिबात आवडली नाही.

म्हटलं, "चाचा, इंजिनाचं हेड उघडू या. एकदाच. मी चुकले तर परत या गॅरेजमध्ये तोंड उघडणार नाही."

बाबा पटकन म्हणाले, "हसनभाई, हा सौदा सोडू नका!"

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. मी टॉर्च धरली. व्हॉल्व्ह आपल्या जागी नव्हते, विहिरीत उतरल्यासारखे आत गेले होते. चाचांनी कडेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. चाळीस वर्षं इंजिनांत घातलेलं बोट ते, त्याला मोजपट्टी लागत नाही.

"बाय," ते म्हणाले, "ह्या कधीपासून?"

"तुम्ही ऐकत नव्हता तेव्हापासून."

चाचांनी हात पुसले. उठले आणि स्वतः जाऊन चहा घेऊन आले. पहिला कप मला दिला. सगळ्यात आधी, मला! आम्ही हेड मशीन शॉपमध्ये नेलं, कडक सीट बसवून घेतल्या, नवे व्हॉल्व्ह घातले. इंजिन बांधायला चार संध्याकाळी गेल्या. पाने मी फिरवत होते, 'बिस्मिल्ला' चाचा म्हणत होते, आणि कुठलाही बोल्ट आवळला की सदाकाका विचारत होते, "सागवानी बसवलंत ना?"

*

दुसऱ्या फहसला गाडी पास झाली. तपासणारा तोच. तो धुराच्या नळकांड्यामागे वाकला, यंत्राकडे बघितलं, परत वाकला. शिक्का मारताना म्हणाला, "माशाल्ला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तलाल कागद घेऊन गॅरेजवर आला. चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाबांनी पेढे आणले होते. तलाल चाचांशी हिंदी-अरबी मिसळून बोलतो, माझ्याशी इंग्रजीत. सही करण्याआधी त्याने सहज किल्ली मागितली. "एक चक्कर मारून येतो."

गेला. आला. गाडी इतकी गुळगुळीत थांबली की पायरीवरचं मांजर उठलंसुद्धा नाही. तलाल उतरला तो लहान मुलासारखा हसत. टपावरून हात फिरवला.

"चाचा," तो म्हणाला, "माफ करा. हिला मीच ठेवतो. माझ्या बाबांची आठवण आहे. तुम्हाला दुसरी घेऊन देईन, नवीन, छोटी."

बाबांनी पेढ्यांचा डबा हळूच बंद केला. सदाकाका जमिनीकडे बघायला लागले. माझ्या तोंडात सगळे शब्द एकदम आले. 'तू शब्द दिला होतास' हे आधी, बाकीचे त्यानंतर. मी पुढे झाले, तर चाचांनी हात आडवा केला.

"तुझ्या बापाची गाडी, तुझा हक्क," चाचा अगदी प्रेमाने म्हणाले. "खुशीने ने. फक्त हिची एक सवय सांगून ठेवतो. पाळली नाहीस तर महिन्यात इंजिन बसेल."

"कसली सवय?"

"दर गुरुवारी भर दुपारी हिला उन्हात उभी करायची. इंजिन चालू, एसी बंद. आणि आपण आत बसून राहायचं. अर्धा तास."

"ऑगस्टमध्येसुद्धा?"

"ऑगस्टमध्ये तर चुकवायचंच नाही."

तलालने बाहेर बघितलं. शुवैखचा रस्ता तव्यासारखा तापला होता. मग तो माझ्याकडे वळला.

"मुहंदिसा," तो म्हणाला. इथे इंजिनिअर बाईला असंच म्हणतात. "हे म्हातारे काहीही सांगतात. तू शिकलेली आहेस, इंजिन तू बांधलंयस. खरं सांग. अर्धा तास बसावं लागतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चाचा सोडून. चाचा त्या इस्त्रीच्या शर्टाचं बटण बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "अर्ध्या तासाने काहीच होत नाही."

चाचांनी डोळे मिटले.

"पाऊण तास," मी म्हटलं. "आणि काचा बंद."